राक्षसाचा पंचनामा

राक्षसाला तलवार लागली की नाही, हे ठरवायला आमच्या ओसरीवर परवा दोन चहा आणि एक पोहे इतका वेळ गेला. राक्षस तेवढा वेळ उभाच होता. तो कागदावरचा होता म्हणून बरं. खरा असता तर कंटाळून पूर्णेला जाऊन गाडी धरली असती त्यानं.

हे सगळं भाच्याचं काम. तो पुण्याला इंजिनीअरिंगला आहे. दिवाळीला आमच्या गावी, चुडाव्यात, येताना बाकीची पोरं मिठाई आणतात, यानं तीन जाडजूड पुस्तकं आणि पिशवीभर फासे आणले. पुस्तकं कॉलेजातल्या सीनियरकडून निम्म्या किमतीत घेतलेली, 2014 सालची. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' असं त्या खेळाचं नाव. फाशांत एक चार बाजूंचा, एक आठ बाजूंचा, एक बारा बाजूंचा आणि सगळ्यांत मानाचा वीस बाजूंचा. आमच्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, तो वीस बाजूंचा फासा तळहातावर घोळवून बघितला नि म्हणाला, "आरं, ही तर गोटीच झाली. थांबंल कुटं?"

खेळ तसा सोपा. एक जण सूत्रधार. तो सांगतो की तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून घोरण्याचा आवाज येतोय. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. दादानं अर्थातच लढवय्याचं सोंग घेतलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर जादूगार झाले, कारण जादूगाराला वाचायला सगळ्यांत जास्त असतं. रेल्वेत गँगमन होते ते आबा धनुर्धारी झाले. वहिनी सोवळं नेसलेली पुजारीण झाल्या, जखमा बऱ्या करणारी. मी चोर. ते सोंग मला का दिलं, हे कुणी सांगितलं नाही.

गप्पांपुरता खेळ झकास चालला. गप्पांना नियम लागत नाहीत, आणि लागले असते तर आमच्या गावानं ते केव्हाच मोडले असते. पण लढाई सुरू झाली की सूत्रधार पुस्तक उघडतो. तिथून पुढं तलवारी म्यानात राहतात आणि बोटं ओळींवरून फिरायला लागतात.

लढाईची एक फेरी म्हणजे सहा सेकंद. तेवढ्यात प्रत्येकानं आपली पाळी आली की चालायचं, एक कृती करायची, आणि दुसऱ्याच्या पाळीत काही घडलं तर एक प्रतिक्रिया द्यायची. थोडं बोलणं फुकट. ते सहा सेकंद आमच्याकडं पाऊण तास चालतात. आबांनी विचारलं, "सहा सेकंदात किती बोलायचं?" भाचा म्हणाला, "एक-दोन वाक्यं." आबा म्हणाले, "मग मास्तरांना घेऊ नका."

परवाचा वाद असा. दादा राक्षसाला भिडून उभा. नियम असा की शत्रू तुमच्या हाताच्या पल्ल्यातून बाहेर पडायला लागला तर जाता जाता तुम्ही त्याला एक फुकटचा घाव घालू शकता. पल्ल्यात राहून तो तुमच्याभोवती प्रदक्षिणा घालो, तुम्ही नुसतं बघायचं. एक पाऊल बाहेर टाकलं की मात्र घाव. दादाला हा नियम फार आवडला होता. तो राक्षसाच्या पावलांकडं सावकारासारखा डोळा लावून बसला होता. एवढ्यात मास्तरांनी मेघगर्जनेचा मंत्र मारला आणि राक्षस दहा फूट मागं फेकला गेला.

"गेला! माझा घाव!" दादा ओरडला.

"नाही मोठे मामा," भाचा म्हणाला. "तो स्वतः गेला नाही. त्याला ढकललं. ढकललेल्याला तो घाव लागू होत नाही."

"पण पल्ल्याभाईर गेला का नाही गेला?"

"गेला."

"मग?"

भाच्यानं पुस्तक पुढं केलं. तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं की कुणी आपली चाल, आपली कृती किंवा आपली प्रतिक्रिया न वापरता हलला, स्फोटानं उडाला, वरून खाली पडला, तर फुकटचा घाव नाही. दादानं ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाला, "मागं ओढ्याला पूर आला, बांधासकट सोयाबीन गेलं. सोयाबीन काय सोताहून चालत गेलं होतं? तरी 72 तासांत कळवा म्हणलेच की. तिथं ढकललेलं चाललं, इथं कामून चालंना?"

इथं वाचकांना सांगायला हवं की दादा पीकविम्यातला मुरलेला माणूस आहे. स्थानिक आपत्तीचं नुकसान 72 तासांत कळवावं लागायचं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. नुकसान पावसानं झालं की पुरानं, पीक उभं होतं की कापून वाळत घातलेलं, या प्रत्येक शब्दाला पैसे चिकटलेले असायचे. त्यामुळं छापील ओळ दिसली की तो आधी तिच्यातली पळवाट बघतो, नंतर अर्थ. पुण्याच्या पोरानं हा खेळ आणला तेव्हा त्याला वाटलं असेल की गावाकडच्या लोकांना नियम समजावून सांगता सांगता नाकी नऊ येतील. नाकी नऊ आलेच, पण लोकांना नियम समजले म्हणून.

मास्तरांचा अनुभव याहून कडू. समोर अदृश्य झालेला मांत्रिक होता. मास्तरांनी अदृश्य दिसायचा मंत्र म्हटला, मांत्रिक लख्ख दिसायला लागला, मास्तरांनी अग्निबाण सोडला. भाचा म्हणाला, "दोन फासे टाका आणि लहान आकडा धरा." का, तर तो अदृश्य आहे. मास्तर म्हणाले, मला दिसतोय. भाचा म्हणाला, दिसतोय, पण तो अदृश्यच आहे. नियमात दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं म्हणतं, अदृश्य माणूस जादूशिवाय दिसत नाही. दुसरं म्हणतं, त्याच्यावरचे हल्ले अवघड जातात. दुसऱ्या वाक्यात 'दिसत नसेल तर' हे शब्दच नाहीत. हे नियम लिहिणाऱ्यांतले जेरेमी क्रॉफर्ड यांना लोकांनी विचारलं, तेव्हा त्यांनीही शब्दाला शब्द धरून असाच अर्थ सांगितला. 2024 च्या नव्या आवृत्तीत ही फट बुजवली, पण सीनियरची पुस्तकं जुनी.

मास्तर संतापानं थरथरत होते. छत्तीस पिढ्यांना व्याकरण शिकवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. दादा मात्र शांत. "मास्तर, ह्यात काय नवं? शेतात गुडघाभर पाणी. आपल्याला दिसतंय, तलाठ्याला दिसतंय. पण मंडळाच्या पर्जन्यमापकात 65 मिलिमीटर भरला नाही, म्हणजे अतिवृष्टी झालीच नाही. दिसतंय, पण कायद्यानं दिसत नाही."

मला तेव्हाच शंका आली की हा खेळ कुणीतरी विम्याच्या माणसानं काढला असावा. भाच्याला विचारलं, आणि काय सांगू, खरंच निघालं. गॅरी गायगॅक्स हा या खेळाचा एक जनक, शिकागोत विमा कंपनीत अंडररायटर होता. कुणाचा धोका किती, त्याचं कोष्टक काय, हे ठरवणं त्याचं काम. 1970 साली ती नोकरी गेली. मग विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी जोडे दुरुस्त करून त्यानं संसार चालवला आणि उरलेल्या वेळात लढायांची कोष्टकं मांडली. 1971 साली जेफ पेरेनबरोबर 'चेनमेल' नावाची मध्ययुगीन लढाईच्या नियमांची पुस्तिका काढली, आणि 1974 साली डेव्ह आर्नेसनबरोबर हा खेळ. पहिल्या छपाईत हजार खोकी. त्या खोक्यातल्या पुस्तिकांत लढाई कशी करायची, तर 'चेनमेल' बघा, असं सांगितलेलं होतं. म्हणजे अर्ज या खिडकीला, शिक्का त्या खिडकीला. शिवाय एक पर्यायी पद्धत बाजूला दिलेली, आणि लोक खेळायला लागले ते त्या पर्यायानं. दादानं हे सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "इम्यात व्हता ना? मग बराबर हाय."

आबांना नियमांशी भांडायला आवडत नाही. ते नियमाच्या आत शिरून बसतात. समोर दरोडेखोर होते, माणसंच, ज्यांना अंधारात दिसत नाही अशी. आबांचा बाण लांबचा. लांबच्या बाणाला नियम असा की दोन फासे टाकायचे आणि लहान आकडा घ्यायचा. आबांचे बाण सगळे झाडांना लागत होते. मग त्यांनी विचारलं, "समजा मशाल विझली तर?" भाच्यानं हिशेब मांडला. तुम्हाला शत्रू दिसत नाही, ही एक अडचण. बाण लांबचा, ही दुसरी अडचण. पण शत्रूलाही तुम्ही दिसत नाही, ही तुमची सोय. आणि नियम असा की एक सोय असली तर अडचणी एक असोत की दहा, सगळी फिटंफाट. एकच फासा टाका.

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे उजेडात चुकायचा तो बाण अंधारात नीट लागायलाय?"

"नियमानं हो."

त्या दिवसापासून लढाई लागली की आबा पहिला बाण मशालीला मारतात. योगायोग असा की पहिल्यांदा मारला त्याच वेळी गावातली लाईट गेली. मास्तर म्हणाले, इतकी वर्षं वीज जाते तेव्हा आपण नुसते ओरडत बसतो, धनुष्य घेऊन बसायला पाहिजे होतं.

भाच्याकडं अशा नमुन्यांचा साठाच आहे. या पुस्तकातल्या साध्या गावकऱ्याला जीव असतो चार गुणांचा, आणि मांजराच्या एका ओरखड्याला जातो एक. म्हणजे मांजरानं चार ओरखडे नीट काढले की गावकरी आडवा. उलट पट्टीचा लढवय्या असला आणि कड्यावरून खाली पडला, तर दर दहा फुटांना एक फासा, आणि जास्तीत जास्त वीस. कडा हजार फुटांचा असला तरी वीसच. बडा गडी कपडे झटकून उठतो, रात्रभर झोपतो आणि सकाळी ठणठणीत. त्याहून गंमत 2003 सालच्या आवृत्तीत होती. तिथं मरायला टेकलेल्या माणसाचे गुण शून्याच्या खाली जात. आणि बुडणाऱ्याबद्दल नियम असा की श्वास संपला की त्याचे गुण शून्यावर येतात. शून्यावर 'उतरतात' असं लिहिणाऱ्याच्या मनात होतं. पण उणे नऊवर असलेल्याचं डोकं बादलीत बुडवलं तर तोही शून्यावर येतो, म्हणजे चढतो. पोरांनी हा उपचार म्हणून वापरला. वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बुडायचं थांबायचा नियम कुटं हाय?" भाचा हसायला लागला. तो नियम त्या पुस्तकात लिहायचा राहूनच गेला होता.

त्याच आवृत्तीत मेलेल्या माणसानं काही करू नये, असंही स्पष्ट कुठं लिहिलेलं नव्हतं. आबा म्हणाले, "मतदार यादीत बी नाही."

पण सगळ्यांत गाजलेलं प्रकरण शेतमजुरांच्या तोफेचं. कुणा उपद्व्यापी खेळाडूनं हिशेब केला: एक माणूस पाच फूट जागा धरतो. दोन हजार मजूर एका रांगेत उभे करा, म्हणजे दहा हजार फूट, तीन किलोमीटर. प्रत्येकानं आधीच ठरवून ठेवायचं की शेजाऱ्यानं भाला दिला की आपण पुढच्याला द्यायचा. प्रतिक्रिया प्रत्येकाला एक असतेच, आणि हे सगळं एकाच फेरीत बसतं. म्हणजे भाला सहा सेकंदांत तीन किलोमीटर जातो. आवाजापेक्षा जोरात! शेवटच्या मजुरानं तो सोडला की समोरचा किल्ला भुईसपाट. यावर जगभर इतकी डोकेफोड झाली की 2024 च्या मार्गदर्शिकेत शेवटी बजावावं लागलं की खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे.

भाच्यानं हे मोठ्या हौसेनं सांगितलं. मास्तरांनी वेग तोंडी काढून बघितला, सेकंदाला पाचशे मीटर, आणि मान डोलावली. दादा मात्र कपाळाला हात लावून बसला. "सोयाबीन काढायला दोन माणसं मिळंनात. दोन हजार कुठून आणायलास तू?"

मला वाटतं, या तोफेचं इतकं चोख खंडन अमेरिकेत कुणाला सुचलं नाही.

आता एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, परक्यांचा खेळ, परक्यांची किचकट बुद्धी. आबांनी हा गैरसमज दूर केला. त्यांनी आयुष्यभर रूळ सांभाळले आणि उरलेल्या वेळात पारायणं ऐकली. ते म्हणाले, लढाईचे नियम आधी बसून ठरवायची चाल आपलीच. कुरुक्षेत्रावर दोन्ही बाजूंनी युद्धाआधी करार केला होता: रथीनं रथीशी लढावं, पायदळानं पायदळाशी, पाठ फिरवलेल्यावर आणि हातातलं शस्त्र गेलेल्यावर वार करू नये. अठरा दिवसांत त्यातलं काय शिल्लक राहिलं? भीष्मांसमोर शिखंडी उभा केला, अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, कर्णाचं चाक रुतलेलं असताना बाण सोडला. अभिमन्यूला अनेकांनी मिळून घेरलं, ते तर पलीकडच्या बाजूनं. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी नियमाचा अर्थ सांगायला हजर. त्या लढाईत सगळ्यांत भारी लढवय्या अर्जुन असेल, पण नियमांचा सगळ्यांत भारी जाणकार त्याच्या रथाचा सारथी होता.

आणि त्याच्याही आधी, द्यूताच्या सभेत द्रौपदीनं जो प्रश्न विचारला तो निव्वळ नियमाचा होता. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला? आधी स्वतःला हरला असेल तर मला पणाला लावायचा हक्क त्याला उरलाच कुठं? सभेत सगळे मोठे मोठे बसलेले. भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे. भाचा म्हणाला, अडचणीचा प्रश्न आला की आम्ही सूत्रधार लोक अगदी हेच म्हणतो.

शेवटी गदायुद्ध. कमरेखाली मारायचं नाही, हा एकच नियम. भीमानं दुर्योधनाची मांडी फोडली. तीर्थयात्रेहून आलेले बलराम, दोघांचेही गुरू, नांगर उचलून भीमावर धावले. कृष्णानं त्यांना धरलं आणि भीमाची प्रतिज्ञा सांगितली, मैत्रेय ऋषींचा शाप सांगितला. बलरामांना काही ते पटलं नाही. भीम जगात कपटानं लढणारा म्हणूनच ओळखला जाईल, असं सुनावून ते द्वारकेला निघून गेले. मला विचाराल तर महाभारतात खरा पंच तेवढाच एक. पण तो सामना संपल्यावर रागावला, आणि त्याचं कुणी ऐकलंही नाही.

यावर दुसऱ्या टोकाचा उपाय प्रशियाच्या लष्करानं करून बघितला होता. राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं 1824 साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ तयार केला, फासे आणि कोष्टकांसह. कोष्टकं इतकी माजली की अधिकारी कंटाळले. मग 1876 साली व्हर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्यानं सांगितलं की कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंच नेमा, तो म्हणेल ते खरं. ऐकायला हे फार छान. पण पंचाच्या शब्दावर सगळं सोडून चालतं का, हे आपल्या कुस्तीला विचारा. दोन्ही खांदे जमिनीला टेकले की चितपट, याहून सोपा नियम जगात नसेल. तरी 2025 साली अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत खांदे टेकले की नाही यावरून पैलवानानं पंचाला लाथ घातली, आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. विम्याच्या माणसाची तीन पुस्तकं एकीकडं, कुस्तीचा एक नियम दुसरीकडं. भांडण दोन्हीकडं तेवढंच.

माझं मत विचाराल तर नियम कमी का जास्त, हा प्रश्नच गौण आहे. पंचाला उद्या त्याच लोकांत वावरायचं आहे का, हे बघावं. आमचा भाचा सुट्टी संपली की पुण्याला जाणार, त्यामुळं तो पुस्तकाच्या आड लपतो. वहिनींना तसं करता येत नाही. त्या बचत गटाचं रजिस्टर सांभाळतात. कर्ज कुणाला आधी, हप्ता कुणाचा चुकला, दंड किती, हे सगळं त्यांना शेजारणींच्या तोंडावर ठरवावं लागतं आणि संध्याकाळी त्यांच्याच घरून विरजण आणावं लागतं. परवा पोहे संपत आले तरी राक्षस उभाच होता, तेव्हा त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि निकाल दिला. "फुकटचा घाव नाही. ढकलला तो मास्तरांनी, तुमचं त्यात काय? पण तो तोल जाऊन पडलाय म्हणून पुढचा घाव सोपा धरा. आज हे असं, वहीत लिहा. पुस्तकात काय हाय ते उद्या बघा, आणि चुकलं असंल तर पुढच्या वेळेपासून बदला."

तोल जाऊन पडायचं त्या मंत्राच्या नियमात कुठंही नाही. भाचा तोंड उघडणार होता, पण वहिनींच्या हातात अजून पळी होती. दादानं वीस बाजूंची गोटी टाकली. ती कोनाड्याखाली गेली आणि तिथं अठरा दाखवत थांबली. कोनाड्याखाली गेलेला फासा धरायचा की नाही, यावर पुढचा चहा झाला.

अडचण एवढीच उरलीय की वहिनींना पंचगिरी नको आहे, त्यांना राक्षस मारायचे आहेत. भाचाही आता पुण्याला जाईल. तेव्हा पूर्णा-नांदेड पट्ट्यात कुणी सज्जन रविवारी मोकळे असतील आणि चार शिव्या खाऊनही शब्द न फिरवण्याची तयारी असेल, तर त्यांनी चुडाव्याला जरूर यावं. मानधन नाही, चहा-पोहे आहेत. पीकविम्याच्या कामाचा अनुभव असल्यास प्राधान्य. पॅसेंजरनं आलात तर स्टेशनवर घ्यायला आबा येतील. येताना टॉर्च मात्र आणू नका.